बोलोन्याची चित्रकर्ती लेक

इटलीला जाऊन आले म्हटले की ठरलेले तीन प्रश्न येतात. रोम पाहिलंत का? व्हेनिसच्या होडीत बसलात का? आणि तो कलता मनोरा पडत कसा नाही हो? मी 'बोलोन्या' म्हणते तेव्हा मात्र विचारणारीचा चेहरा कोराच राहतो. खरे सांगायचे तर कलते मनोरे बोलोन्यातही आहेत, आणि एक सोडून चांगले दोन! थोरला असिनेल्ली सत्त्याण्णव मीटर उंच, तर धाकटा गारिसेंदा त्याच्या निम्मा, पण कलायला भारी हौशी. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याची इतकी काळजी वाटू लागली की भोवतालची जागा बंद करावी लागली.

पण मी बोलोन्याला गेले ती मनोऱ्यांसाठी नव्हे. मी गेले एका बाईसाठी. ती जाऊन चारशे वर्षे उलटली आहेत.

माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त मिलानला असतात. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सारे त्यांच्याकडे गेलो होतो. मुलांना आणि आमच्या ह्यांना दिरांच्या स्वाधीन करून आम्ही दोघी जावा दोन दिवसांसाठी बोलोन्याला निघालो. वेगवान गाडीने तासाभराचा प्रवास. गाडीत धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, आता तरी सांगा, तिथं आहे तरी काय?"

मी सांगितले. लाव्हिनिया फोंताना नावाची एक चित्रकर्ती तिथे होऊन गेली. जन्म १५५२ चा. तिला अकरा मुले झाली, आणि त्याच वर्षांत चित्रे काढून, विकून ती घर चालवत होती. हे वाक्य मी कुठेतरी वाचले आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना. अकरा बाळंतपणे आणि शंभरावर चित्रे! मला दोन मुले आहेत आणि शाळेत अर्धवेळ तास. परीक्षेचे पेपर तपासायला बसले की दूध उतू जाते. मग या बाईला जमले कसे? एवढेच मला पाहायचे होते.

ओसऱ्यांचे गाव

बोलोन्याला तीन टोपणनावे आहेत: विद्वान, लठ्ठ आणि तांबडी. विद्वान, कारण तिथले विद्यापीठ युरोपात सर्वांत जुने मानतात. स्थापनेचे साल १०८८ सांगतात. लठ्ठ, कारण गाव खाण्यापिण्याचे शौकीन. आणि तांबडी ती विटांच्या आणि कौलांच्या रंगामुळे. संध्याकाळचे ऊन पडले की सारे गाव कुंकवात बुडवून काढल्यासारखे दिसते.

मला सर्वांत आवडल्या त्या तिथल्या ओसऱ्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांच्या तळमजल्यावर कमानी, आणि कमानींच्या आत छपराखालून चालायची वाट. या पोर्टिकोंची सगळी मिळून लांबी बासष्ट किलोमीटर भरते. २०२१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले. पूर्वी विद्यार्थ्यांची गर्दी वाढली, तसे लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली खांब दिले. १२८८ मध्ये गावाने कायदाच केला की नव्या घराला ओसरी हवीच, आणि तीही घोडेस्वार खालून जाईल एवढी उंच. जागा घरमालकाची, पण वाट साऱ्या गावाची! पाऊस असो की ऊन, छत्री न उघडता बाजारहाट करून घरी परतता येते. भाजीची पिशवी घेऊन चालणाऱ्या बाईचा विचार करून बांधलेले असे गाव मी दुसरे पाहिले नाही.

आणखी एक गोष्ट. हे रेशमाचे गाव होते. कालव्यांच्या पाण्यावर रेशमाचे पीळ घालणारे यंत्र चालायचे आणि इथली तलम वस्त्रे दूरदूर जायची. कालवे आता बहुतेक झाकले गेले आहेत, पण पिएल्ला गल्लीत भिंतीला एक लहानशी खिडकी आहे. ती उघडली की खाली एकदम पाणी दिसते! रेशमाचे हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आणि बायकांच्या बाबतीत हे गाव थोडे निराळेच. संत कातेरिना ही चित्रे काढणारी जोगीण पंधराव्या शतकातली. प्रोपेर्झिया दे रॉस्सी ही तिच्यानंतरची शिल्पकर्ती. ती फळांच्या इवल्या कोयांवर कोरीव काम करायची. तिने कोरलेल्या अकरा कोया चांदीच्या जाळीत बसवून इथल्या मध्ययुगीन संग्रहालयात ठेवल्या आहेत. आपण आंबा खाऊन कोय टाकून देतो. तिने कोयीत संतांच्या मूर्ती पाहिल्या. लाव्हिनियाच्या पुढच्या शतकात एलिझाबेता सिरानीने मुलींना चित्रकला शिकवायला सुरुवात केली. १७३२ मध्ये लाउरा बास्सी विद्यापीठात प्राध्यापिका झाली. अशा गावात लाव्हिनिया वाढली, हे आधी सांगायला हवे.

लग्नाआधीचा कागद

तिचे वडील प्रॉस्पेरो फोंताना हे बोलोन्यातले नावाजलेले चित्रकार. घरातच चित्रशाळा. हाताखाली शिकणारी मुले असायची. मुलींना बाहेर गुरूकडे पाठवायची चाल नव्हती, आणि नग्न माणूस समोर बसवून शरीराचा अभ्यास करणे हे तर मुलींच्या स्वप्नातही नव्हते. म्हणून ज्या मुलीचा बापच चित्रकार, तिलाच हे शिक्षण मिळण्याची शक्यता. लाव्हिनिया बापाच्या हाताखाली शिकली. बापाचे वय वाढत होते, तब्येत ढासळत होती, आणि एकुलती म्हणावी अशी आशा या मुलीच्या हातात होती.

ती चोवीस वर्षांची झाली तेव्हा स्थळ आले. मुलगा जान पाओलो झाप्पी. जवळच्या इमोला गावचा, खानदानी घरातला, आणि प्रॉस्पेरोच्याच चित्रशाळेत शिकणारा. मध्यस्थी केली वडिलांच्या एका चित्रकार स्नेह्याने. त्याने मुलाच्या वडिलांना पत्रे लिहिली. मुलगी देवभिरू आहे, स्वभावाने चांगली आहे, आणि तिच्या हातातून पैसाही येईल, अशा आशयाची. वाचताना मला हसू आले. आपल्याकडच्या मध्यस्थांची पत्रे काय वेगळी असतात?

आपल्याकडे मुलीचा फोटो पाठवतात. लाव्हिनियाने १५७७ मध्ये स्वतःचे चित्र स्वतःच काढले. सासरी दाखवण्यासाठीच ते काढले असावे, असे जाणकार मानतात. हे चित्र आता रोमला सेंट ल्यूकच्या अकादमीत आहे. आकार जेमतेम वहीच्या पानाएवढा. मी त्याची छापील प्रत संग्रहालयाच्या दुकानात कितीतरी वेळ पाहत उभी होते. ती वाद्य वाजवते आहे. लाल पोशाख, मानेभोवती आणि मनगटांवर पांढरी झालर, मागे मोलकरीण वाद्याची वही घेऊन आलेली. म्हणजे मुलगी सुसंस्कृत, गाणेबजावणे येणारी, घरात नोकरचाकर असणारी. पण अगदी मागे, खिडकीच्या उजेडात, एक रिकामी चित्राची घोडी उभी आहे, आणि तिच्याजवळ पेटारा. ज्या पेटाऱ्यात मुलीचे लग्नाचे कपडे ठेवायचे, तसला. चित्रावर तिने लिहून ठेवले आहे की प्रॉस्पेरोची कन्या, कुमारी लाव्हिनिया हिने आरशात पाहून आपला चेहरा रंगवला.

चित्रात घोडी मागे आहे, पण ती झाकलेली नाही. सासरच्या मंडळींना दिसेल अशीच ठेवली आहे.

आणि मग त्या वर्षी लग्नाचा करार झाला. मला सर्वांत जास्त थांबवले ते या कराराने. त्यात ठरले की नवरा-बायको इमोलाला सासरी जाणार नाहीत. बोलोन्यात तिच्या वडिलांच्या घरी राहतील. दोघांची कमाई प्रॉस्पेरोच्या घरात जमा होईल आणि दोघांचा खर्च ते घर चालवेल. हुंड्याची थैली वाजली नाही. मुलीचा हात हाच हुंडा! नवरा स्वतः चित्रकार, पण थोर चित्रकार होण्याइतके आपल्या हातात नाही हे त्याला कळत असावे. तो बायकोच्या कामाचे व्यवहार पाहू लागला, आणि चित्रांतली दुय्यम कामे करू लागला. जुन्या लेखकांनी त्याची थट्टाही केली आहे. बायको माणसे रंगवते आणि नवरा त्यांना कपडे चढवतो, तेव्हा हा चित्रकार कमी आणि शिंपी जास्त, अशी. पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? थट्टा करणाऱ्यांचे कुणी आज नाव घेत नाही. चित्रे मात्र भिंतीवर आहेत.

जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे घरजावई!" मी म्हटले, "हो की. पण कागदावर सही करून."

कुणाला वाटेल, वा, किती पुढारलेला बाप! तर तसेही नव्हते हं. कमाई तिच्या हातात पडत नव्हती, बापाच्या घरात जात होती. मुलगी कमावती, म्हणूनच तिला दूर जाऊ दिले नाही. त्यात माया किती आणि हिशेब किती हे आज कोण सांगणार? पण त्या कराराने एक गोष्ट केली. लग्न झाल्यावर तिने चित्रे काढावीत की नाही, हा प्रश्नच कुणाला विचारता येईना. तो लग्नाआधी सुटलेला होता.

बायकांची लाडकी

बोलोन्याची राष्ट्रीय चित्रवीथी विद्यापीठाच्या भागात आहे. सोमवारी बंद असते, म्हणून आम्ही मंगळवारी गेलो. तिथे लाव्हिनियाची चित्रे पाहताना रेशमाची आठवण झाली. या बाईने कापड काय रंगवले आहे! जरीचा भार, झालरीतली एकेक गाठ, मोत्यांवरचा तो मऊ उजेड. साडीच्या दुकानात आपण पदर बोटांनी चाचपून पाहतो ना, तशी बोटे शिवशिवतात. पुरुष चित्रकारांनी पोशाख रंगवले नव्हते असे नाही. पण त्या घडीची किंमत किती, ती झालर करायला हात किती दुखतात, हे जिला ठाऊक तिनेच रंगवल्यासारखे हे पोशाख वाटतात.

म्हणूनच की काय, बोलोन्यातल्या श्रीमंत घरच्या बायका तिच्यामागे लागल्या. आपले चित्र लाव्हिनियानेच काढावे, यासाठी त्यांच्यात चढाओढ असायची, असे तिच्यानंतर साठेक वर्षांनी लिहिणाऱ्या माल्वासियाने नोंदवले आहे. तिच्या मुलांच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता-धर्ममाता म्हणून मोठी मोठी घराणी उभी राहिली. बोलोन्यातल्या नवऱ्या त्या काळी लाल पोशाख घालायच्या. लाव्हिनियाने रंगवलेली अशी लाल वेषातली एक तरुणी अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्त्री-कलावंतांच्या संग्रहालयात आहे. आपला लाल शालू आठवल्याशिवाय राहत नाही. आणि तासन्‌तास समोर बसायचे, ते परक्या पुरुषापुढे बसण्यापेक्षा चार लेकरांच्या आईपुढे बसणे त्या बायकांना किती सोयीचे वाटले असेल!

चित्रवीथीत एका मोठ्या चित्रापुढे आम्ही दोघी बराच वेळ थांबलो. गोझादिनी घराण्याचे, १५८४ चे. मधे वृद्ध वडील बसले आहेत, दोन लेकी आहेत, मागे दोघींचे नवरे. वरवर पाहिले तर सुखी कुटुंब. पण वडील तेव्हा जिवंत नव्हते. जाऊन वीस वर्षांहून अधिक काळ झाला होता! चित्र काढून घेतले ते लाउडोमिया या लेकीने. घराण्याच्या इस्टेटीचा कल मुलगे झालेल्या बहिणीकडे गेला होता आणि लाउडोमियाला मुलगा नव्हता. कोर्टात जे मिळाले नाही, ते तिने चित्रात मागितले: वडिलांच्या शेजारची जागा. अशा वेळी ती एका चित्रकर्तीकडे गेली, यात मला नवल वाटत नाही. हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही अशी बाई हवी ना!

पाळणा

त्याच चित्रवीथीत एक लहान चित्र आहे. १५८३ च्या सुमाराचे. एका तान्ह्या बाळाचे. श्रीमंताघरचा नक्षीचा पाळणा, वर छत, झालरीचे पांघरूण, आणि बाळाच्या गळ्यात मोत्यांची माळ. बाळ झोपलेले नाही. डोळे उघडे ठेवून बाहेर पाहते आहे. मुलगा की मुलगी, कुणाच्या घरचे, काही कळत नाही.

मी अनेक चित्रांत बाळे पाहिली. येशूचे बाळरूप तर इटलीत पावलोपावली. पण ती बाळे लहान आकाराच्या मोठ्या माणसांसारखी दिसतात. हे बाळ खरे बाळ आहे. घट्ट गुंडाळलेल्या बाळाचे डोळे जसे फिरतात, तसे. ज्या हाताने हे काढले, त्या हाताने असली कितीतरी बाळे गुंडाळली असणार.

लाव्हिनियाला १५७८ ते १५९५ या काळात अकरा मुले झाली. तिच्यामागे राहिली ती फक्त तीन.

हा आकडा मी गाडीत जाऊबाईंना सांगितला नव्हता. पाळण्यापुढे उभी असताना सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचे एक बाळ जन्मतःच गेले आहे. मग हळूच म्हणाल्या, "आणि ही बाई दुसऱ्याच्या बाळाला मोती घालत बसली होती."

त्या काळी सगळ्याच घरांत मुले जायची, असे आपण सहज म्हणतो. म्हणून काय आईला कमी लागायचे? लाव्हिनियाने त्याबद्दल काय लिहिले, काय बोलली, हे चित्रांतून वाचायला जाऊ नये. एवढे मात्र दिसते की ती सतरा वर्षे ना घर थांबले ना काम. १५८४ मध्ये सासरच्या इमोला गावाने तिला वेदीवरचे मोठे चित्र सांगितले. १५८९ मध्ये झोपलेल्या बाळ येशूचे चित्र स्पेनला, राजाच्या एस्कोरियालच्या मठात गेले. १५९९ चे तिचे शबाच्या राणीचे भव्य चित्र आयर्लंडमध्ये डब्लिनला आहे. तीन मीटरहून रुंद! अलीकडे ते स्वच्छ करताना एका दासीच्या हातातल्या घड्याळावर ते साल सापडले. अशी भव्य देवादिकांची चित्रे बाईने काढायची नाहीत, तिने फार तर चेहरे काढावेत, असा तेव्हा समज होता. हिने तो न भांडता मोडला. काम घेत गेली आणि करत गेली.

केसाळ मुलीचा कागद

आणखी एका चित्राबद्दल सांगायलाच हवे. मूळ चित्र फ्रान्समध्ये ब्लुआ इथे आहे, पण त्याची गोष्ट बोलोन्याची. अंतोनिएत्ता गोन्साल्वुस ही सात-आठ वर्षांची मुलगी. तिच्या चेहऱ्यावर दाट केस होते. जन्मापासूनचा हा दोष तिच्या वडिलांपासून आलेला. ते कॅनरी बेटांवरचे. लहानपणी फ्रान्सच्या राजाला 'रानटी माणूस' म्हणून नजर केले गेले. पुढे सारे कुटुंबच या दरबारातून त्या दरबारात फिरत राहिले, चमत्कार म्हणून. बोलोन्याचे थोर निसर्गशास्त्रज्ञ उलिस्से आल्द्रोवांदी यांनी या मुलीला तपासून तिचे वर्णन लिहिले. त्यांचा संग्रह पोज्जी वाड्यात आजही पाहायला मिळतो: वाळवलेले प्राणी, शिंपले, वनस्पती.

लाव्हिनियाने त्याच मुलीचे चित्र काढले. उंची पोशाख, डोक्यात फुले, आणि हातात एक कागद. त्यावर तिचीच हकीकत: वडील कुठले, कसे आणले गेले, मी आता कुणाकडे राहते. बाकी सगळ्यांनी तिला पाहण्याची वस्तू केले. इथे ती स्वतःची ओळख स्वतः हातात धरून उभी आहे आणि सरळ आपल्याकडे पाहते आहे. जिच्या घरी पाच-सहा लेकरे होती ती बाई या पोरीकडे आणखी कशी पाहणार?

रोमला, विस्कटलेल्या केसांनी

१५९७ मध्ये वडील वारले. करार संपला. बाळंतपणेही संपली होती. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली लाव्हिनिया १६०४ च्या सुमारास सगळे बिऱ्हाड घेऊन रोमला गेली. आपल्याकडे पन्नाशीला बाई निवृत्तीची भाषा बोलू लागते. हिने तिथे पोपच्या राजधानीत नवा डाव मांडला. सेंट पॉलच्या मोठ्या देवळासाठी काढलेल्या तिच्या भव्य चित्रावर टीका झाली. ते चित्र आपल्याला पाहता येत नाही. १८२३ च्या आगीत देवळाबरोबर जळाले. टीका झाली म्हणून ती बोलोन्याला परत आली नाही. रोमच्या मोठ्या लोकांची चित्रे काढत राहिली.

१६११ मध्ये तिच्या सन्मानार्थ एक पदक पाडले गेले. त्याच्या एका बाजूला लाव्हिनियाचा नीटनेटका चेहरा, केस बांधलेले, उभी कॉलर. दुसऱ्या बाजूला घोडीपुढे बसलेली एक बाई, म्हणजे साक्षात चित्रकला. तिचे केस सुटलेले, विस्कटलेले. कामात इतकी बुडालेली की वेणीफणीचे भान नाही. एकाच नाण्याच्या या दोन बाजू मला फार आवडल्या. घरी चार माणसे आली की आपण पहिली बाजू, आणि एकट्याने मन लावून काही करत असलो की दुसरी!

१६१३ मध्ये तिने रोमच्या कार्दिनाल बोर्गेझेसाठी मिनर्व्हा देवी रंगवली. युद्धाची देवी चिलखत उतरवून ठेवून साधे वस्त्र अंगावर घेते आहे. तिचे माहीत असलेले हे शेवटचे चित्र. १६१४ च्या ऑगस्टमध्ये लाव्हिनिया गेली. तिच्या शंभरावर चित्रांची नोंद आहे, पण पुढे कैक वर्षे त्यांतली काही बापाच्या नावावर, काही भलत्याच्याच नावावर गेली. आता ती परत तिच्या नावावर येत आहेत. २०१९ मध्ये माद्रिदच्या प्रादोत आणि २०२३ मध्ये डब्लिनला तिची मोठी प्रदर्शने झाली.

कागदाची गोष्ट

तर मग तिला जमले कसे? माझ्या प्रश्नाचे उत्तर मला बोलोन्यात मिळाले, आणि ते प्रतिभेत कमी आणि त्या करारात जास्त सापडले. हातात कला असलेल्या मुली तेव्हाही घरोघर असतील. पण कुणी कुठे राहायचे, व्यवहार कुणी पाहायचा, कुणाच्या कामाला घर जपेल, हे ज्यांच्या घरी आधी ठरले, त्यांच्यातली एक लाव्हिनिया. मोलकरीण होती, वडिलांचे घर होते, मदतीला नवरा होता. यातले एक जरी नसते तरी अकराव्या बाळंतपणापर्यंत ब्रश हातात राहिला असता का, मला शंका आहे.

मागच्या वर्षी माझ्या शाळेत पूर्णवेळ जागा निघाली तेव्हा आमच्या घरी आठवडाभर बोलणी झाली. सासूबाईंचे गुडघे, मुलांचा अभ्यास, दोन वेळचा स्वयंपाक, सगळ्याची चर्चा झाली. कुणी 'नाही' म्हटले नाही. आमचे हे म्हणाले, "तुझी इच्छा असेल तर कर." सासूबाई म्हणाल्या, "झेपत असेल तर कर." मी हिशेब केला आणि अर्ज भरला नाही. सगळ्यांची परवानगी होती, पण सकाळची पोळीभाजी कोण करणार हे कुणी ठरवले नव्हते.

येत्या जूनमध्ये पुन्हा जागा निघणार आहे. या वेळी मी अर्जाआधी एक कागद घेणार आहे. त्यावर वार, वेळ आणि काम, आणि प्रत्येक कामापुढे एक नाव. करार वगैरे मोठा शब्द नको, साधी यादी. ह्यांना सांगितले तेव्हा थोडे हसले, मग म्हणाले, "चहा आणि डबे माझ्याकडे लिही." तेवढे तर लिहून झाले आहे. उरलेल्या ओळी भरायच्या आहेत.

जाणार असाल तर...

इटलीला जाण्याचा योग आला तर बोलोन्याला दोन दिवस तरी ठेवा. चपला मऊ घ्या, कारण सगळे पाहणे चालूनच होते. सान लुकाच्या टेकडीवरच्या देवळापर्यंत सहाशे सहासष्ट कमानींची झाकलेली वाट आहे, जवळजवळ चार किलोमीटर. शेवटचा चढ दमवतो, सकाळी लवकर निघा. देवळांत जाताना खांदे झाकायला एक ओढणी पिशवीत असू द्या. शाकाहारी असाल तर खाण्याचे नीट विचारून घ्या: इथली प्रसिद्ध तोर्तेल्लीनी आत मांस भरलेली असतात. थोरल्या आकाराच्या तोर्तेल्लोनीत बहुधा ताजे पनीरसारखे रिकोत्ता असते, तीही विचारूनच घ्या. चौकालगतच्या जुन्या बाजारात फळे, चीज, घरी लाटलेली शेवई पाहायला विसरू नका. तिथल्या बायका कणकेची पोळी लाटतात ती आपल्या पोळीच्या चौपट!

आणि चित्रवीथीत गेलात तर त्या पाळण्यापुढे जरा थांबा. घाई करू नका. बाळ जागे आहे.